चढणीवर दमणारें वाहन

वैशाखांत कोंकणांतून देशावर आंबा चढूं लागला म्हणजे एक तक्रार दरसाल कानीं येते. गाडी सपाटीवर उत्तम धांवते. परंतु मागें पेट्यांनीं भरलेला ट्रेलर जोडून ऐन दुपारीं घाट चढूं लागली कीं निम्म्या वाटेवर तिचें बळ सरतें. घटकाभर थांबावें, तों पुन्हां पूर्ववत्! मग मेस्त्री एक भाग बदलतो, मालक पैसे मोजतो, आणि पुढच्या खेपेस गाडी त्याच वळणावर दम टाकते. पैसा तर जातोच. पण भरल्या ओझ्यासह वळणावर अडकलेल्या गाडीमुळें माणसांच्या जिवासही धोका असतो. म्हणून या वेळीं हा विषय घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

माधवकराचा ‘रोगविनिश्चय’, ज्यास लोक ‘माधवनिदान’ म्हणतात, हा ग्रंथ रोग ओळखण्याच्या विद्येसच वाहिलेला आहे. त्यांत ओळखीचीं पांच साधनें येतात: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आगाऊ चिन्हें, रूप म्हणजे प्रत्यक्ष लक्षणें, उपशय म्हणजे कशानें उतार पडतो तें, आणि संप्राप्ति म्हणजे विकार कसा घडत गेला तो क्रम. औषधाचा विचार त्यानंतर. यंत्रासही हीच शिस्त लागू पडते, असें आमचें मत आहे.

प्रथम उन्हाळ्यास किती दोष द्यावा तें ठरवूं. २० अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षां ४० अंशांची हवा सुमारें ६ टक्के विरळ असते; उंचीमुळें दर १०० मीटरांस आणखी सुमारें १ टक्का घट होते. तेवढ्यानें गाडी किंचित् मंदावेल. पण रोज चढणारा घाट तिला चढवेनासा होणार नाहीं. उन्हानें आंतला दोष उघडा पडतो, इतकेंच.

आतां रूप पाहावें. इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र वाढत नाहीं आणि जळका वास येतो, तर क्लच घसरत आहे असें समजावें. धूर काळा येत असेल तर इंधनाच्या मानानें हवा अपुरी पडते. एअर फिल्टर धुळीनें कोंदला असेल, किंवा टर्बोची रबरी नळी तापून फाटली असेल. धूर नाहीं पण गाडी गचके देते, तर डिझेलच पुरेसें पोंचत नसेल. थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करितां, हात नेऊन पाहावा. एखादें इतरांहून फार तापलें असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाहीं. ट्रेलरचीं चाकें यांत विसरूं नयेत.

आमच्या एका आप्तांची डिझेल जीप साखरप्याहून आंबा घाट चढतांना अशीच दमत असे. दोन ठिकाणीं दाखवून, फिल्टर आणि इंजेक्टर बदलूनही गुण आला नव्हता. आम्हीं त्यांस तीनच प्रश्न विचारले. तेंच ओझें रात्रीं नेलें तर? कांहीं तक्रार नाहीं. दुपारीं ट्रेलरवांचून? तेव्हांही नाहीं. बळ सरण्यापूर्वीं उष्णतेचा कांटा चढतो काय? होय, नेहमींच. हें पूर्वरूप. रात्रीं तेंच ओझें तोच घाट चढतें, त्या अर्थीं डिझेलची व हवेची वाट मोकळी असावी, हें उघड झालें.

मग उपशय. पुढील खेपेस कांटा चढूं लागतांच काचा उघडून एअर कंडिशनर बंद व हीटर पूर्ण चालू करावा, असें आम्हीं सुचविलें. हीटर हा एक छोटा रेडिएटरच होय. कांटा उतरला, बळ परतलें! पुढची जाळी समोरून स्वच्छ दिसत होती. परंतु एअर कंडिशनरचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्यें तांबडी धूळ व सुकें गवत घट्ट बसलेलें निघालें. पाण्याच्या हलक्या धारेनें तें आंतून बाहेर धुऊन काढलें, आणि तो हंगाम बिनतक्रार गेला.

संप्राप्ति अशी: ओझ्यानें उष्णता वाढली, मंद वेगामुळें वारा घटला, धुळीनें उरलासुरला वाराही अडविला. पाणी फार तापलें कीं आजकालच्या इंजिनांतील संगणक स्वसंरक्षणार्थ इंधन कमी करितो. तेंच आपणांस ‘बळ सरणें’ म्हणून दिसतें.

जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांत इंधनाची वाफ होऊन गाडी अडे. पंपावर ओलें फडकें टाकल्यानें ती चालली तर कारण कळे. टाकीचें झांकण सैल केल्यानें उतार पडला, तर टाकींत हवा शिरण्याचें छिद्र बुजलें असें समजावें.

एक इशारा मात्र घरांतील सर्वांनीं ध्यानीं धरावा. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये. प्रेशर कुकरप्रमाणें आंतील पाणी दाबाखालीं १०० अंशांच्या वरही न उकळतां राहतें. झांकण सुटतांच तें उसळून तोंड व हात भाजतें. गाडी सुरक्षित जागीं घेऊन चाकांमागें दगड लावावे, आणि इंजिन पुरतें निवेपर्यंत थांबावें.

असो. मेस्त्रीकडे जाण्यापूर्वीं एका कागदावर लिहावें: बळ केव्हां सरलें, कोठें, ओझें किती होतें, कांटा कोठें होता, धूर कसला, आणि कशानें उतार पडला. चांगला मेस्त्री हा कागद आनंदानें वाचील. तो न वाचतांच जो हत्यार उचलील, त्याच्या हातीं गाडी देण्यापूर्वीं मालकानें दोनदां विचार करावा.