त्याच ठशांचीं सहा चित्रें

चित्रकलेच्या तासाविषयीं आपल्या पालकांचें मत बहुधा एकाच प्रश्नांत प्रकट होतें: ‘याचे गुण किती?’ एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांची योग्यताही दहावीच्या परीक्षेंत मिळणाऱ्या वाढीव गुणांवरूनच ठरते. प्रश्न गैर नाहीं, परंतु अपुरा आहे. व तो कसा अपुरा आहे हें योशिदा हिरोशी या जपानी चित्रकाराच्या कामावरून चांगलें दाखवितां येतें.

योशिदा यांचा जन्म १८७६ सालीं कुरुमे येथें झाला. मूळचे ते तैलरंगांचे व जलरंगांचे चित्रकार. चाळिशी उलटल्यावर, १९२० सालीं, वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाकडे ते लाकडी ठशांच्या कामास लागले. १९२३ च्या भूकंपांत व त्यामागून लागलेल्या आगींत तेथील ठसे व छापलेलीं चित्रें भस्मसात् झालीं. १९२५ सालीं, वयाच्या एकुणपन्नासाव्या वर्षीं, त्यांनीं स्वतःचा छापखाना मांडला.

या कामाची जुनी रीत अशी कीं, चित्रकारानें रेखाटावें, कोरणाऱ्यानें चेरीच्या लाकडावर कोरावें, छापणाऱ्यानें एकेका रंगाचा निराळा ठसा ओलसर कागदावर घासून उठवावा, आणि पैसा प्रकाशकानें घालावा. योशिदा यांनीं कोरणें व छापणें हींही शिकून घेतलीं, कांहीं ठसे स्वतः कोरले, व नेमलेल्या कारागिरांच्या छपाईवर जातीनें नजर ठेविली. अशा चित्रांच्या कडेला ‘जिझुरी’, म्हणजे ‘स्वतः छापलेलें’, ही मोहोर आढळते. कोणी म्हणेल, हात दुसऱ्याचे, मग मोहोर यांची कां? माझ्या मतें, कारागिराची चूक त्याच्याच हत्यारानें सुधारून दाखवितां येते त्यास हा अधिकार पोंचतो. तथापि त्या कारागिरांचीं नांवेंही शेजारीं असतीं तर अधिक शोभलें असतें.

१९२६ सालचें त्यांचें शिडाच्या होड्यांचें चित्र पाहावें. तेच ठसे, त्याच रेषा. केवळ रंग पालटून त्यांनीं सकाळ, दुपारपूर्वीची वेळ, दुपार, धुकें, सायंकाळ व रात्र अशीं सहा चित्रें काढिलीं. धुक्यांत दूरच्या होड्या जवळजवळ विरून जातात. रात्रीं पाण्यांत दिव्याचें प्रतिबिंब उतरतें. १९३० च्या अखेरीस ते आपले पुत्र तोशी यांसह हिंदुस्थानांत आले. ताजमहाल त्यांनीं दिवसाचा काढिला, चांदण्यांतलाही काढिला; आणि आमचीं अजिंठा व वेरूळ हीं लेणींही त्यांच्या चित्रांत आहेत.

आमच्या मुलांच्या वहींत मात्र दोन डोंगर, मध्यें सूर्य, खालीं नदी व एक झोपडी! मुंबईच्या चाळींत वाढलेला मुलगाही हेंच काढतो. त्यानें हें कोठें पाहिलें? पाहिलें नाहींच, त्यास तें पाठ झालें आहे. पाठ केलेलें उत्तर इतर विषयांत निभावतें, म्हणून तो तीच रीत येथें चालवितो.

तेव्हां पालकांस माझी विनंती एवढीच कीं, नववी-दहावींत चित्रकलेचा तास गणितास द्यावा अशी मागणी घेऊन शाळेंत येऊं नये. घरीं एक आठवडा मुलास खिडकींतून दिसणारी एकच वस्तु सकाळीं, दुपारीं व दिवेलागणीस काढूं द्यावी. रंगपेटी नसली तरी चालेल, शिसपेन्सिल पुरे. मात्र त्या वेळीं त्यास शिकवणीस धाडूं नये.