मेळघाटचा कोरकू संकेतस्थळांवर अर्धाच





शाळा-महाविद्यालयांत ‘मेळघाटातील आदिवासी जीवन’ या विषयावर प्रकल्प लिहायला सांगितला की मुले मोबाइलवर सापडेल ते वहीत उतरवून आणतात. चिखलदऱ्यात शिक्षकी केल्याने अशा वह्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्यांत वाक्येच्या वाक्ये सारखी असतात, कारण ज्या संकेतस्थळांवरून ती घेतली त्यांनीही ती एकमेकांकडूनच उचललेली असतात. खोली कुठे मिळेल आणि देवी पॉइंट कुठे आहे एवढेच तिथे असते, तर तक्रार नव्हती. पण ही संकेतस्थळे कोरकू समाजाचा इतिहास आणि संस्कृती सांगण्याचा दावा करतात. हा समाज गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत डोंगरावरून सपाटीवर पांगला आहे. पांगलेल्या समाजाबद्दलचा मजकूर पारखून न घेता मुलांच्या हाती देणे मला योग्य वाटत नाही, म्हणून हे पत्र.

आधी सनावळी घ्या. हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन यांनी १८२३ मध्ये चिखलदऱ्याचा ‘शोध’ लावला, हे वाक्य बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच भेटते. त्याच पानावर खाली गाविलगडाची माहिती असते: बहामनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये बांधला, १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने जिंकला. हा किल्ला गावाला लागूनच आहे. जिथे जवळपास चारशे वर्षे शिबंदी राहिली, खालून रसद चढत राहिली, त्या डोंगराचा शोध किल्ला पडल्यावर वीस वर्षांनी लागला, हे कसे? इंग्रजांनी येथे थंड हवेचे ठिकाण वसवले, असे म्हणावे. ते खरे आहे. दोन सनांतली ही विसंगती सहावीतल्या मुलालाही दाखवता येते. ती ज्याला दिसली नाही, त्याने लिहिलेले बाकीचेही तपासूनच घ्यावे लागते.

कोरकू ही गोंडांची एक शाखा, असेही काही ठिकाणी छापलेले असते. पण गोंडी भाषा द्राविडी कुळातली. कोरकू मुंडा कुळातली. तिची सख्खी भावंडे म्हणजे झारखंडकडच्या संथाली आणि मुंडारी. त्या कुळाची ही सर्वांत पश्चिमेकडची भाषा. २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर या मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांत आणि आपल्या मेळघाटात ही माणसे एकाच डोंगररांगेत राहतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मधून सीमा गेली. त्यामुळे आज इकडचे संकेतस्थळ इकडचाच कोरकू दाखवते आणि तिकडचे तिकडचाच. सोयरीक मात्र अजूनही सीमेपलीकडे होते.

आख्यायिकेला माझा विरोध नाही. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले म्हणून हा कीचकदरा, म्हणजेच चिखलदरा, ही कथा सांगावी. पण कथा म्हणून सांगावी. बेने इस्रायल समाजाचे उदाहरण पाहा. गलबत फुटून सात जोडपी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागली, असे ते परंपरेने सांगतात आणि जबाबदार अभ्यासक या कथेला परंपराच म्हणतात. मॉरिशसच्या मराठी कुळांजवळ तर कागदच आहे: मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या असून त्यांत माणसाचे नाव, वय, गाव, जहाज अशा नोंदी आहेत. परंपरा कोणती आणि नोंद कोणती, हे वाचणाऱ्याला वेगळे दिसले पाहिजे.

कोरकूंची नोंद फार दूर शोधायला नको, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. पुढे गाभा क्षेत्रातली गावे उठू लागली. बोरी, कोहा, कुंड ही गावे आधी गेली. नंतर वैराट, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी. कुटुंबामागे दहा लाखांचे पुनर्वसन पॅकेज ठरले आणि अनेक कुटुंबे अकोला जिल्ह्यात अकोट, तेल्हारा भागात उतरली. तिथे सोयी मिळाल्या नाहीत म्हणून काही गावकरी परत जंगलात गेले. जानेवारी २०१९ मध्ये त्यांची वन व पोलीस कर्मचाऱ्यांशी चकमक झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. हे सगळे वर्तमानपत्रांत आले आहे. संकेतस्थळांवर मात्र वैराट म्हणजे सूर्यास्त पाहण्याची उंच जागा, एवढेच. तिथे गाव होते, याचा पत्ता नाही.

एक नेहमीचे छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. रंगीत लुगडी नेसलेल्या बायका फेर धरून नाचत आहेत, खाली ओळ: ‘कोरकू आदिवासी नृत्य’. गाव नाही, साल नाही, सण नाही. हे नृत्य होळीचे की पाहुण्यांच्या स्वागतासाठी बसवलेले? होळी हा कोरकूंचा मोठा सण; कामाला सपाटीवर गेलेली माणसे त्यासाठी गावी परततात. तेवढे लिहिले असते तरी नृत्याबरोबर त्यांचे स्थलांतरही कळले असते. मृतांसाठी सागवानावर सूर्य-चंद्र आणि घोडेस्वार कोरून उभे केलेले मुंडे ‘लाकडी शिल्प’ म्हणून दाखवले जातात. गाव उठले तेव्हा पूर्वजांच्या या खांबांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. देणग्या मागणाऱ्या काही संकेतस्थळांवर याच समाजाचे कुपोषित मूल चेहऱ्यासकट झळकते. एकीकडे नाचणारा कोरकू, दुसरीकडे उपाशी कोरकू. तेल्हाऱ्यात शेती करणारा, परतवाड्याच्या महाविद्यालयात शिकणारा कोरकू कुठेच नाही.

यावर म्हटले जाते की ही कामे हौसेने, पदरमोड करून होतात. काहीच नसण्यापेक्षा हे बरे. हौसेचा मला आदर आहे, पण चुकीचा मजकूर शंभर ठिकाणी उतरला की तो खोडणे अवघड होते. शिवाय मी प्रबंध मागत नाही. मजकूर कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणाला विचारून लिहिला, एवढ्या तीन ओळी पुरेत. पुनर्वसनाचा उल्लेख केला तर वाघाला विरोध होतो, असेही काहींना वाटते. तसे नाही. गाभा क्षेत्र मोकळे झाल्याचा वन्यजीवांना लाभ झाला असेल तर तोही लिहावा, आणि त्याची किंमत कोणी मोजली तेही लिहावे.

शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे की प्रकल्पवही तपासताना प्रत्येक माहितीखाली लेखकाचे नाव आणि तारीख मागा, आणि वर्गात कोरकू मूल असेल तर त्याच्या घरच्यांना ती माहिती वाचून दाखवा. पर्यटनाची संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी उठलेल्या गावांची नावे आणि ती आज कुठे आहेत हे आपल्या पानावर घालावे. ग्रामसभांकडे विचारले तर माहिती मिळते. हे होत नाही तोवर अशी संकेतस्थळे खोली आरक्षित करण्यापुरतीच वापरावीत. कोरकूंचा इतिहास म्हणून ती ग्राह्य धरू नयेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, चिखलदरा (जि. अमरावती)