माफीनंतरचे गोखले

१८९७च्या जुलैअखेर गोपाळ कृष्ण गोखले विलायतेहून मुंबईला परतले, तेव्हा त्यांचे वय होते ३१. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढच्या त्यांच्या साक्षीचे कौतुक बाजूलाच राहिले. प्लेगच्या झडत्यांत गोऱ्या सोजिरांनी पुण्यातल्या दोन स्त्रियांवर बलात्कार केला, त्यांतल्या एकीने जीव दिला, असे त्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीर केले होते. सरकारने पुरावा मागितला. पुण्यात कोणी पुढे येईना.

पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावरच्या हल्ल्याला महिना उलटला होता. टिळक अटकेत होते, पुण्याचे नातू बंधू चौकशीविना स्थानबद्ध. पत्रलेखकांची नावे सांगून गोखल्यांना नामानिराळे होता आले असते. त्यांनी नावे दिली नाहीत. आरोप बिनशर्त मागे घेतला आणि गव्हर्नरची, सैनिकांची जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरवले. हा डाग पुढे बरीच वर्षे त्यांना चिकटून राहिला.

आम्हाला या माफीत नम्रतेइतकाच मानीपणा दिसतो. सिद्ध न होणारा शब्द आपल्या नावावर ठेवायचा नाही आणि विश्वासाने लिहिणाऱ्याला तोंडघशी पाडायचे नाही, हा मानी माणसाचाच हट्ट. हाच मानीपणा पुढेही दिसला. मार्च १९०२मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले: तिजोरीतली शिल्लक ही रयतेची सुबत्ता नव्हे, तिच्यावर लादलेला जादा कर आहे. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर कमी झाला. १९०५मध्ये ते बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९१४मध्ये सरकार ‘सर’ हा किताब देऊ लागले, तो त्यांनी नाकारला. माफी मागताना जो ताठ कणा होता, तोच किताब नाकारतानाही होता.

आज ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला’ असे म्हणून पुढारी हात झटकतात. फारच गळ्याशी आले, तर ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ दिलगिरी व्यक्त करतात. त्या ‘तर’मध्ये नम्रता नसते आणि प्रामाणिकपणाही नसतो. दोष मात्र ऐकणाऱ्याच्या माथी जातो.

नेते आकाशातून पडत नाहीत. पतपेढी, गृहनिर्माण सोसायटी, वाचनालय इथेच ते घडतात आणि तिथे त्यांना निवडणारे आपणच असतो. वार्षिक सभेत हिशेबातली आपली चूक स्वतःहून वाचून दाखवणारा अध्यक्ष भेटला, तर त्याच्यावर तुटून पडू नका. त्याला पुन्हा निवडून द्या.



— संपादक