दिवेलागणीआधीचा एक तास

गेल्या आठवड्यात मंडळाच्या कामासाठी पलीकडच्या आळीत गेले होते. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. पाऊस नव्हता, परीक्षाही जवळ नव्हती, तरी देवळापुढच्या पटांगणात दोनच मुलगे चेंडू फेकत होते. पायरीवर सहावीतली एक मुलगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन त्यांचा खेळ बघत बसली होती.

"तू नाही का गं खेळत?" मी विचारलं.

"हा झोपला की भांडी घासायचीत काकू. मग क्लास. रविवारी खेळते."

"मागच्या रविवारी काय खेळलीस?"

ती बराच वेळ आठवत राहिली. तिला काही आठवलं नाही.

मैत्रिणींनो, तिच्या आईला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. ती माऊली चार घरची कामं करते. मीही काही शहाणी नव्हते. माझा मुलगा पाचवीत असताना त्याला स्कॉलरशिपला बसवलं. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी जादा तास. एके दिवशी जेवताना त्याने विचारलं, "आई, ताप आला तर क्लास बुडवता येतो ना?" घास माझ्या हातातच राहिला. खेळायला मिळावं म्हणून मुलाला आजारी पडावंसं वाटतं, म्हणजे चूक नक्कीच आपली होती.

खेळ म्हणजे वेळ वाया घालवणं, हे आपल्या मनात पक्कं बसलंय. पण संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळेला क्रीडांगण हवं असं सांगितलं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी निदान ६० मिनिटं चांगली अंगमेहनत होईल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२४ पासून ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिवस झालाय. नेमका आपल्याकडे शाळा उघडायच्या तोंडावर!

पण कायदे राहू द्यात. आपलं लहानपण आठवा. लगोरी, लंगडी, डबा ऐसपैस. राज्य आलं की रडत का होईना, घ्यावं लागायचं. भांडण झालं तर आपलं आपणच मिटवायचं. लहानग्याला 'कच्चं लिंबू' म्हणून सामावून घ्यायचं. हरणं, सोसणं, दुसऱ्याला सांभाळणं हे सगळं आपण कुठल्या क्लासात शिकलो?

मुलींचं तर आणखीच अवघड. पाचवी-सहावी झाली की "आता मोठी झालीस" म्हणून तिचा खेळ आपणच बंद करतो. भाऊ मात्र अंधार पडेपर्यंत मैदानावर. पाण्याचा तांब्या मुलानेही भरावा, कांदे-बटाटे त्यानेही निवडावेत. मग तिलाही वेळ निघेल.

आमच्या मंडळात यावर बरंच बोलणं झालं. साडेपाच ते साडेसहा हा तास खेळाचा, असं ठरवलं. शिकवणीच्या बाईंना भेटलो, त्यांनी पाचचा तास सातला घेतला. एकेका दिवशी दोघीजणी पाळीने पटांगणाशी बसतो, लहान भावंडं सांभाळतो, निवडायची भाजी बरोबर नेतो. पावसात देवळाच्या ओवरीत सागरगोटे आणि पत्ते. सहामाही जवळ आली तरी तास मोडायचा नाही, हवं तर टीव्ही आणि मोबाईल कमी करायचा. दमलेलं मूल रात्री वेळेवर झोपतं आणि सकाळी हाका न मारता उठतं, हा अनुभव आता आमच्यातल्या बऱ्याचजणी सांगतात.

परवा माझी पाळी होती. तो धाकटा माझ्या मांडीवर होता आणि त्याची ताई लंगडी घालत होती. तिघांना बाद करून धापा टाकत आली आणि म्हणाली, "काकू, अजून किती वेळ आहे?"

"वीस मिनिटं," मी म्हटलं. ती पुन्हा पळाली.

भांडी तासभर थांबली तर काही बिघडत नाही. तिचं हे वय मात्र थांबणार नाही.