सुट्टीपुरते काम

मुलाचा फोटो काढायचा म्हणजे आपण त्याला आंघोळ घालतो, धुतलेले कपडे घालतो, भांग पाडतो. कष्टाची खूण फोटोत दिसू नये, असे आईबापांना वाटते. त्यात वावगे काही नाही. पण कामावरच्या मुलांचे आहेत तसे फोटो काढून एका माणसाने आपल्या देशाला जाब विचारला. त्याची हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लुईस हाइन हे अमेरिकेत न्यूयॉर्कला शिक्षक होते. १९०८ साली शाळा सोडून ते राष्ट्रीय बालमजूर समितीसाठी फोटो काढू लागले. सूतगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने, जिथे मुले राबत तिथे ते जात. मालक आत सोडीत नसत. मग कधी बायबल विकणारा, कधी यंत्रांचे फोटो काढणारा बनून ते शिरत. खिशात हात ठेवून गुपचूप टिपणे करीत. मूल आपल्या जाकिटाच्या कितव्या बटणाला लागते, यावरून त्याची उंची ठरवीत. गिरणीतली एक मुलगी ५१ इंच, म्हणजे सव्वाचार फूट भरली. दुसरीकडे फोटो काढताच मुकादम येऊन म्हणाला, ही पोर सहज आत आली! ती तर साच्यावर सराईत कामगारासारखी उभी होती.

नुसता फोटो असता तर मुकादमाचे खरे ठरले असते. फोटोखाली वय, उंची, गाव, काम लिहिलेले असे, म्हणून त्याचा पुरावा झाला.

१९१० च्या ऑगस्टमध्ये व्हरमाँट राज्यातल्या गिरणीत त्यांना बारा वर्षांची मुलगी भेटली. मळका झगा, अनवाणी पाय, हात साच्यावर. शाळेच्या सुट्टीत कामाला लागले, आता इथेच राहणार, असे तिने सांगितले. १९९८ साली तिचा फोटो अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आला. ती १९९३ सालीच वारली होती.

बालमजुरीविरुद्ध १९१६ साली झालेला कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१८ साली रद्द केला. टिकाऊ कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. हाइन १९४० साली गरिबीतच वारले.

आपल्या राज्यघटनेचे कलम २४ चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात, खाणीत ठेवू देत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने इतर कामांवरही बंदी आली. मात्र शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्याला, धोक्याचा नसेल तर, हातभार लावण्याची सवलत ठेवली आहे.

हीच फट आम्हांला सलते. घरची ओढाताण आम्ही जाणतो. आईला हात लागतो, हेही खरे. पण व्हरमाँटच्या त्या मुलीचेही काम सुट्टीपुरतेच होते. म्हणून मायबापहो, ‘सुट्टीपुरते’ हा शब्द घरात आला, की काम कोणत्या तारखेला थांबणार तेही त्याच वेळी ठरवा. शाळा उघडेल त्या दिवशी मूल वर्गातच बसले पाहिजे.