उलटी फांदी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या फळीला बुरशी दिसली, की घरात केवढा हाहाकार उडतो! बुरशी म्हणजे नासाडी, हे आपण लोणच्याच्या बरणीपासून शिकलेलो. माझाही समज तोच होता. एटापल्लीच्या जंगलात तो गळून पडला.

पाऊस सरल्यावर तिकडे गेलो होतो. साग-बांबूंच्या त्या रानात पडलेली एक फांदी मी सहज उलटी केली. खालच्या अंगाला तपकिरी लेप पसरलेला, फक्त कडा किंचित उचललेल्या. ना छत्री, ना देठ. कॉलेजात शिकलेले शास्त्र उसळून आले. "हे स्टीरियम!" मी ठासून सांगितले.

सोबतच्या जाणत्या स्नेह्याने मुकाट्याने भिंग पुढे केले. पाहतो तो लेपावर बारीक तपकिरी काटेच काटे! स्टीरियमला असले काटे नसतात. मग त्याने पोटॅशचा थेंब टाकला. लेप काळा पडला. "हायमेनोकीटी," तो म्हणाला. म्हणजे पापुद्र्यावरचे राठ केस. लेव्हेये या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४६ साली ही प्रजाती वेगळी मांडली.

गंमत पुढेच आहे. सपाट दिसतात म्हणून या साऱ्या बुरशी पूर्वी एकाच कुळात कोंबल्या जात. पण काट्यांनी आणि पोटॅशने निराळेच नाते सुचवले, आणि अलीकडे डीएनएने त्यावर शिक्कामोर्तब केले. हायमेनोकीटीचे खरे सगेसोयरे म्हणजे फेलिनस. आजीबाईच्या बटव्यातला फणसोंबा त्यांतलाच! १९८२ साली गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला, म्हणून का जंगलाचे नाते तुटले? वरच्या रेघा निराळ्या, मुळे निराळी.

ती फांदी आठवण म्हणून घरी न्यावी, असे मला वाटले. स्नेही म्हणाला, "अहो, तिचं काम अर्धंच झालंय." लाकडाला कणखर करणारे लिग्निन फोडणे फार थोड्या जिवांना साधते; ही बुरशी त्यांतली. लाकूड पांढुरके, मऊ होते आणि शेवटी मातीला मिळते. त्याच मातीत उद्याचा साग रुजायचा. पडके लाकूड कचरा म्हणून रानातून झाडून नेले, तर रानाने खायचे काय?

मी फांदी होती तिथेच ठेवली, लेप खालच्या अंगाला करून.

माळ्यावरच्या फळीला मात्र, वाचकहो, ऊन दाखवा. तिच्याकडून आपल्याला माती नको आहे!