डिस्क किती भरली, याचे एकच उत्तर नसते

फरीदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्र नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले, तेव्हा त्याची साठवणक्षमता सुमारे ४ पेटाबाइट असल्याचे जाहीर झाले होते. जानेवारी २०२५ मध्ये जीनोम इंडिया प्रकल्पातील १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती याच केंद्रामार्फत संशोधकांसाठी खुली झाली. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या अशा भांडारांची क्षमता नेहमी सांगितली जाते. त्यातील जागा कोण किती व्यापतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते. हा प्रश्न एखाद्या केंद्रापुरता नाही. विद्यापीठातील लहानशा सर्व्हरपासून राष्ट्रीय भांडारापर्यंत, जिथे जिथे डीडुप्लिकेशन करणारी बॅकअप प्रणाली आहे, तिथे तिथे तो उभा राहतो.

अशी प्रणाली प्रत्येक फाइलचे तुकडे करते, एसएचए-२५६ सारख्या गणिती सूत्राने प्रत्येक तुकड्याचा ठसा काढते आणि तो ठसा आधीच नोंदलेला असेल तर तुकडा पुन्हा न साठवता केवळ त्याचा निर्देश लिहून ठेवते. १०० जीबी विद्यापैकी रोज नवा १ जीबी बदलत असेल, तर तीस रात्रींचे तीस पूर्ण बॅकअप कागदोपत्री ३,००० जीबी भरतात. डिस्कवर मात्र सुमारे १२९ जीबीच जातात. बचत खरी आहे. गोंधळ होतो तो हिशेबात.

चार भावांच्या सातबाऱ्यावर एकच सामायिक विहीर नोंदलेली असावी, तशी ही स्थिती आहे. प्रत्येकाची नोंद स्वतंत्रपणे मोजली तर विहिरी चार होतात. ज्याची एकट्याची तेवढीच मोजायची म्हटले तर एकही उरत नाही. बॅकअपचेही तसेच आहे. समजा, २० जीबीची एक फाइल फक्त दोन रात्रींच्या बॅकअपमध्ये आहे. त्यातला कोणताही एक बॅकअप पुसला तर त्या फाइलची जागा तसूभरही सुटत नाही. दोन्ही पुसले तर पूर्ण २० जीबी सुटते. ‘या बॅकअपला किती जागा लागते?’ याचे उत्तर शेजारी दुसरा बॅकअप आहे की नाही यावर ठरते. बोर्गसारखी साधने आणि झेडएफएससारख्या फाइलप्रणाली केवळ त्या एकाचीच असलेली जागा वेगळी दाखवतात. पण अशा आकड्यांची बेरीज एकूण व्यापाशी जुळत नाही आणि जुळावी अशी अपेक्षाही चुकीची आहे. शिवाय रेस्टिकसारख्या साधनांत बॅकअप यादीतून वगळला तरी निराधार तुकडे झाडून काढल्याखेरीज जागा मोकळी होत नाही.

याहून फसवा आकडा गुणोत्तराचा. वरील उदाहरणात ते सुमारे २३ येते. तीच विदा, तेच यंत्र, पण बॅकअप आठवड्यातून एकदा घेतला, तर चार बॅकअपचे ४०० जीबी सुमारे १२१ जीबीत मावतात आणि गुणोत्तर ३.३ वर घसरते. म्हणजे मोठे गुणोत्तर बहुतांशी बॅकअप किती वेळा घेतला, एवढेच सांगते. खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीसारख्या यंत्रातून येणाऱ्या कच्च्या संकेतात गोंगाटच अधिक असतो. दोन वेगळ्या निरीक्षणांत समान तुकडे सापडण्याची शक्यता नगण्य. आधीच संकुचित वा कूटबद्ध केलेल्या फाइलींचीही तीच गत. कार्यालयीन दस्तऐवजांवर मिळालेले गुणोत्तर गृहीत धरून वैज्ञानिक विद्येसाठी ‘परिणामी क्षमता’ विकत घेणे, हे सार्वजनिक निधीशी केलेले दुर्लक्षच होय.

सुरक्षिततेचा मुद्दा तर सर्वांत गंभीर. यादीत तीस बॅकअप दिसले, तरी न बदललेला तुकडा त्या भांडारात एकदाच लिहिलेला असतो. तो बिघडला तर तिसांतील तीसही बॅकअप एकदम पंगू होतात. त्यांना तीस प्रती म्हणणे ही आत्मवंचना आहे. दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी, स्वतंत्र यंत्रावरच असावी लागते.

म्हणून सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या प्रत्येक विदाभांडाराने एका आकड्याऐवजी चार आकडे द्यावेत: परत मिळवल्यास होणारा आकार, डिस्कवरील प्रत्यक्ष व्याप, ठरावीक बॅकअपसंच पुसल्यास सुटणारी जागा आणि स्वतंत्र प्रतींची संख्या. तिसरा आकडा काढण्यासाठी सर्व निर्देश तपासावे लागतात आणि मोठ्या भांडारात त्याला वेळ लागतो, हा आक्षेप रास्त आहे. पण ही मोजणी रोज करण्याचे कारण नाही. महिन्यातून एकदा आणि काहीही पुसण्यापूर्वी ती झाली तरी पुरे. प्रयोगशाळेत एककाशिवाय लिहिलेले मोजमाप विद्यार्थ्याच्या वहीतही ग्राह्य धरले जात नाही. तोच नियम विदाभांडारालाही लागू व्हावा: ‘किती जीबी?’ याच्या आधी ‘कोणत्या अर्थाने?’ हे लिहिलेले असावे.